फळ्यावरचा सुविचार: नाव कोणाचं, आणि पुढचं वाक्य कुठे गेलं?

टीपकागद

स्वातंत्र्य, सरकार, महत्त्वाकांक्षा, आयुष्य. सुविचाराच्या फळ्यावर फिरून फिरून हेच चार विषय येतात आणि खाली तीच सात-आठ नावं: व्होल्टेअर, लिंकन, जेफरसन, गांधी, आइन्स्टाइन, विवेकानंद. वाक्य फॉरवर्डमधून उचललं जातं, त्यावर नाव फुकट मिळतं, आणि खडूने सुबक अक्षरात लिहिलं की कोणी शंका घेत नाही.

धाग्यात दोन गोष्टी हव्या आहेत.

१) चार विषयांवर एकेक वाक्य, फळ्यावर दोन ओळींत मावेल असं (बारा-पंधरा शब्द), ज्याचा बोलविता धनी, साल आणि जागा पक्की आहे.

२) तपासायचं कसं, याच्या पायऱ्या. 'मूळ संदर्भ बघावा' एवढं सांगून पळू नये.

सुरुवात करून देतो. 'जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्ही स्वतः व्हा' हे गांधींच्या शंभर खंडांच्या संकलित वाङ्मयात या शब्दांत नाही. सगळ्यात जवळचा मजकूर १९१३ सालचा, 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यविषयक लेखमालेतला, आणि तोही सर्पदंशाच्या प्रकरणात. आशय असा की आपण बदललो तर जगाचा कलही बदलेल, दुसरा काय करतो याची वाट पाहत बसायला नको. मग फळ्यावर गांधींचं नाव घालावं की नाही?

कुरकुऱ्या

घालावं. वाक्य चांगलं असलं की झालं. नाव काढून टाकलंत तर तेच वाक्य कुत्रं विचारणार नाही, म्हणून तर लोक मोठी नावं जोडतात.

आडवाटेचा

रुमाल टाकून ठेवतो. पोथीनिष्ठकाका आले की धागा दोनशेपर्यंत जाणार.

वेलांटी

व्होल्टेअरचं प्रकरण आधी मांडते, कारण चूक कशी घडते ते त्यात स्वच्छ दिसतं. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन.' व्होल्टेअर वारला १७७८ साली. हे वाक्य छापलं गेलं १९०६ साली. लिहिणाऱ्या बाई एव्हलिन बिआट्रिस हॉल, टोपणनाव एस. जी. टॅलेंटायर, पुस्तक व्होल्टेअरच्या मित्रमंडळींवरचं. एल्वेसियुस नावाच्या तत्त्वज्ञाचा ग्रंथ जाळला गेला तेव्हा व्होल्टेअरची वृत्ती कशी होती हे सांगताना त्यांनी ती एका वाक्यात बसवली आणि त्या वाक्याला अवतरणचिन्हं दिली. पुढे त्यांनीच खुलासा केला की शब्द माझे आहेत. तोवर वाक्य हातचं गेलं होतं. अवतरणचिन्हं दिलीच नसती तर हा घोळ झालाच नसता.

'आधी दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता' हे गांधींच्या खात्यावर असलेलं दुसरं. याचा सापडणारा जुना पूर्वज म्हणजे निकोलस क्लाइन या अमेरिकन कामगार-वकिलाचं १९१८चं भाषण, तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेपुढचं. तिथे शेवट वेगळा आहे: आधी दुर्लक्ष करतात, मग टवाळी करतात, मग हल्ला करतात आणि जाळायला निघतात, आणि मग तुमची स्मारकं उभारतात. मला तर हाच शेवट जास्त बोचरा वाटतो. 'जिंकता' हा गुळगुळीत केलेला आहे.

पोथीनिष्ठ

आडवाटेचा यांचा रुमाल उचलून बसतो :)

पद्धत लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी, वाक्य मूळ भाषेत न्यावे. मराठी रूप घेऊन शोधले तर हाती काही लागत नाही, कारण एकाच इंग्रजी किंवा फ्रेंच ओळीचे मराठीत दहा अनुवाद फिरत असतात.

दुसरी, पूर्ण वाक्य शोधू नये. वाक्यातले सर्वांत कमी वापरातले, सलग आलेले तीन-चार शब्द निवडून दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावेत. पूर्ण वाक्यात एखादे अव्यय जरी इकडेतिकडे असले तरी निकाल शून्य येतो आणि माणूस 'सापडले नाही' म्हणून मोकळा होतो.

तिसरी, पुस्तकांच्या शोधात सालाची मर्यादा लावावी. ज्याचे नाव आहे त्याच्या मृत्यूच्या सालापर्यंत आधी बघावे. काही न मिळाल्यास मर्यादा दहा-दहा वर्षांनी पुढे सरकवावी. पहिली नोंद मृत्यूनंतर पन्नास-शंभर वर्षांनी येत असेल तर नावावर काट मारायला हरकत नाही.

चौथी, इथे बहुतेक जण फसतात. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड गुगल बुक्समध्ये पुष्कळदा मालिकेच्या पहिल्या अंकाच्या सालाखाली नोंदलेले असतात. १८७०ला सुरू झालेल्या मासिकाचा १९३५चा अंक १८७०चा म्हणून दिसतो. पानाचा तुकडाच दिसत असेल तर त्याच खंडात जवळपासची साले शोधून पाहावीत. '१९३४' हा आकडा त्यात दिसला की खंड १८७०चा नव्हे हे कळते.

पाचवी, स्कॅन केलेले पान डोळ्यांनी पाहावे, आणि मागचा-पुढचा परिच्छेद वाचावा. निम्मे निकाल इथे बदलतात.

सहावी, सुविचारसंग्रह हा संदर्भ धरू नये. एक संग्रह दुसऱ्यावरून उतरवलेला असतो. दहा संग्रहांत एकच नाव असले तरी तो पुरावा एकच.

ही पद्धत बर्कवर लावून पाहा. 'वाईटाचा विजय व्हायला चांगल्या माणसांनी काही न करणे पुरेसे आहे.' एडमंड बर्क हा ब्रिटिश संसदपटू वारला १७९७ साली. त्याच्या लेखनात हे नाही. त्याच्या १७७०च्या एका पुस्तिकेत आहे ते असे: वाईट माणसे एकवटतात तेव्हा चांगल्यांनीही एकत्र यायला हवे, नाहीतर ते एकेक करून पडतील. 'काहीही न करता बघत राहणे' हा भाग जॉन स्टुअर्ट मिलने सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या १८६७च्या भाषणात मांडला. फिरणारे वाक्य मिलच्या जास्त जवळचे आहे, पण चिकटले बर्कला.

कुरकुऱ्या

सहा पायऱ्या चढून वर गेलो की कळणार, वाक्य भलत्याचंच आहे. आणि आशय? तो तोच राहणार ना?

अर्धविराम

नाही राहत, तीच तर गंमत आहे. नावाचा घोळ मला दुय्यम वाटतो. नाव अगदी बरोबर असतं आणि तरी वाक्य खोटं बोलत असतं, कारण पुढचं वाक्य कापलेलं असतं.

तत्त्वज्ञ रूसो, 'सामाजिक करार', १७६२. 'माणूस स्वतंत्र जन्मतो आणि सर्वत्र तो बेड्यांत आहे.' नाव, साल, सगळं पक्कं. फळ्यावर वाचणाऱ्याला वाटतं की आता हा बेड्या तोडा म्हणणार. पण लगेच पुढे तो लिहितो की स्वतःला इतरांचा धनी समजणारा त्यांच्यापेक्षा मोठा गुलाम असतो. मग विचारतो, हा बदल कसा झाला? मला माहीत नाही. तो कशाने न्याय्य ठरेल? याचं उत्तर मी देऊ शकेन असं वाटतं. म्हणजे पुस्तक आहे बेड्या न्याय्य कधी ठरतात यावर! सरकारला हक्क कुठून मिळतो याचा शोध आहे तो.

अमेरिकन लेखक थोरो, १८४९. 'जे सरकार कमीत कमी राज्य करतं ते सर्वोत्तम.' एक तर थोरो स्वतःच सांगतो की हे बोधवाक्य मी मान्य करतो, म्हणजे ते आधीपासून चालत आलेलं होतं (एका अमेरिकन मासिकाचं ते ब्रीद होतं, १८३७पासून). लोक ते जेफरसनला देतात, तेही चूक. आणि थोड्याच पुढे थोरो म्हणतो, मला ताबडतोब सरकार नको असं नाही, ताबडतोब अधिक चांगलं सरकार हवं आहे. हे दुसरं वाक्य कोणत्या फळ्यावर दिसतं का सांगा.

घरचीच उदाहरणं घ्या. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' इथे थांबलं की श्लोक निवृत्तीचा वाटायला लागतो. चौथा चरण 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', काही न करण्याची ओढही नको. महत्त्वाकांक्षेवर लिहायचं तर चौथाच चरण कामाचा. 'सामर्थ्य आहे चळवळेचें, जो जो करील तयाचें' (दासबोध, दशक २०, समास ४) याचा उत्तरार्ध 'परंतु तेथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे' हा सोयीप्रमाणे ठेवतात किंवा गाळतात. कोण गाळतो यावरून गाळणाऱ्याचा पक्ष ओळखता येतो. फुल्यांचं 'विद्येविना मति गेली' कधी कधी 'गति गेली'पाशीच संपवतात. मग 'वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले' हा ज्या ओळींसाठी आधीच्या चार ओळी रचल्या तो भागच जातो आणि उरतो एक गोडगोड शैक्षणिक सुविचार.

सोनचाफा_७

अर्धविराम, शेवटचा परिच्छेद छपाईत टाकण्यासारखा आहे. +१

वेलांटी

ॲक्टन राहिला. 'सत्ता भ्रष्ट करते, निरंकुश सत्ता निरंकुशपणे भ्रष्ट करते.' ब्रिटिश इतिहासकार लॉर्ड ॲक्टनने मँडेल क्रायटन या बिशप-इतिहासकाराला लिहिलेलं पत्र, ५ एप्रिल १८८७. मूळ वाक्यात पहिल्या भागात 'कल असतो' असं आहे. मराठीत तो कल हमखास गळतो आणि वाक्य शिक्षा सुनावल्यासारखं होतं. पत्राचा विषयही लोकांना धक्का देणारा आहे. क्रायटनने पोपांच्या इतिहासात जुन्या पोपांना सांभाळून घेतलं होतं. त्यावर ॲक्टनचं म्हणणं, राजा किंवा पोप म्हणून इतिहासकाराने वेगळा, सौम्य निकष लावू नये. पुढचंच वाक्य: थोर माणसं जवळजवळ नेहमी वाईट माणसं असतात. आता थोरांच्या तसबिरींखाली हे लिहून दाखवा.

माझा अनुवाद: 'सत्तेचा कल बिघडवण्याकडे असतो, अमर्याद सत्ता पुरतं बिघडवते.' आठ शब्द. सुचवण्या चालतील.

आडवाटेचा

'बिघडवते' म्हटलं की भजी बिघडली आठवतं. 'नासवते' बघा.

वेलांटी

@आडवाटेचा, 'सत्तेचा कल नासवण्याकडे असतो; अमर्याद सत्ता पार नासवते.' हो, हे बसतं. घेतलं.

दौतटाक

वर पोथीनिष्ठकाकांनी इंग्रजी शोधाचं सांगितलं. मराठी वचनं शोधताना अडचणी वेगळ्या असतात, त्या लिहितो.

आताचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या छपाईत व्युत्पत्तीचे अनुस्वार आहेत: तें, करितां, त्यांचें. 'असाध्य ते साध्य' टाकलं तर 'असाध्य तें साध्य' येईलच असं नाही. दोन्ही रूपं शोधावीत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, 'मति' आणि 'मती' दोन्ही.

स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात ध आणि घ, भ आणि म यांची अदलाबदल होते, 'ख'चा 'रव' होतो. म्हणून शोधायला असे शब्द निवडावेत ज्यात ही अक्षरं नाहीत.

सगळ्यात छुपा शत्रू 'ऱ्य'. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे टंकता येतो, नुक्त्याच्या ऱ-वरून किंवा साध्या र-ला हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला वेगळे. 'शेतकऱ्याचा' हा शब्द एका पद्धतीने शोधलात तर दुसऱ्या पद्धतीने टंकलेला मजकूर सापडत नाही. 'ॲ'चं तसंच. उपाय सोपा, असा शब्दच टाळायचा. फुल्यांच्या त्या ओळी शोधताना 'शेतकऱ्याचा असूड' ऐवजी 'असूड' आणि 'अविद्येने'.

पोथीनिष्ठ

दौतटाक यांचा प्रतिसाद वाचनखुणांत ठेवला.

मुख्य लेखकाला एक टोचणी: 'बोलविता धनी' म्हणालात. तुकोबांच्या अभंगात 'साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी, शिकविता धणी वेगळाची' असे आहे. 'बोलविलें' हे पुढच्या कडव्यात येते. दोन्हींचे मिश्रण होऊन वाक्प्रचार तयार झाला. चुकीच्या अवतरणांच्या धाग्याची सुरुवातच अशी व्हावी ना!

टीपकागद

शरण आहे :) पण वाक्प्रचार म्हणून वापरला, तुकोबांच्या नावाने नाही. कुरकुऱ्यांच्या बाजूला एक गुण द्या.

कुरकुऱ्या

घेतला. आता दुसरा मिळवतो. चर्चिलचं 'लोकशाही ही सर्वांत वाईट शासनपद्धती, बाकीच्या आजवर करून पाहिलेल्या सोडल्या तर.' ११ नोव्हेंबर १९४७, ब्रिटिश संसद. चर्चिल स्वतः म्हणाला होता की 'असं म्हटलं गेलं आहे'. म्हणजे त्याने सुद्धा उसनं घेतलेलं. मग खाली चर्चिलचं नाव लिहायचं की नाही? तुमच्या नियमाने कोणाचंच लिहिता येणार नाही.

अर्धविराम

लिहायचं, 'चर्चिल यांनी उद्धृत' म्हणून. एक शब्द वाढतो. अशी कबुली देणारे आणखी आहेत. स्टीव्ह जॉब्सचं 'भुकेले राहा, खुळे राहा' हे स्टॅनफर्डच्या २००५च्या भाषणात त्याने स्पष्ट सांगितलं की एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावरून घेतलं. भगतसिंगांच्या ८ एप्रिल १९२९च्या पत्रकात 'बहिऱ्यांना ऐकू जायला आवाज मोठा लागतो' या ओळीबरोबरच ती व्हायाँ या फ्रेंच अराजकवाद्याची आहे असं छापलेलं आहे. मूळ माणसं प्रामाणिक होती, कात्री नंतरच्यांनी लावली.

सोनचाफा_७

विवेकानंदांचं 'उठा, जागे व्हा, ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' कुठे बसतं मग?

पोथीनिष्ठ

कठोपनिषद, १.३.१४. 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत.' उठा, जागे व्हा, श्रेष्ठांपाशी जाऊन समजून घ्या. 'थांबू नका' मुळात नाही, ते विवेकानंदांचे मोकळे रूपांतर आहे आणि ते त्यांच्या नावावर असणे योग्यच. मात्र मुळातली पुढची ओळ म्हणते 'क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया', वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी, ओलांडायला अवघड. मूळ वचन सावध करते, रूपांतर धावायला लावते. महत्त्वाकांक्षेच्या फळ्यावर कोणते हवे ते ठरवावे.

वेलांटी

महत्त्वाकांक्षेवरून: 'आपली सर्वांत खोल भीती ही नव्हे की आपण अपुरे आहोत' हे मंडेलांच्या १९९४च्या शपथविधीच्या भाषणातलं म्हणून फिरतं. त्या भाषणात ते नाही. मेरिअन विल्यमसन यांच्या १९९२च्या पुस्तकातलं आहे. हे तपासायला सहा पायऱ्याही लागत नाहीत. भाषण उपलब्ध आहे, दहा मिनिटांत वाचून होतं.

आणि 'सरळमार्गी बायका क्वचितच इतिहास घडवतात'. इतिहासकार लॉरेल थॅचर अलरिक, १९७६. हे नाव सहसा गाळतात किंवा एखाद्या नटीचं घालतात. लेख होता प्युरिटन स्त्रियांच्या मृत्यूनंतर दिल्या गेलेल्या प्रवचनांवर. त्यांना म्हणायचं होतं की निमूट, धर्मशील बायकांची इतिहास दखल घेत नाही, आणि ती आपण घेऊ. कपांवर-टीशर्टवर त्याचा अर्थ झाला 'बंडखोर व्हा'. इथे पुढचं वाक्य कापलेलं नाही, आजूबाजूचा अख्खा लेखच कापलाय.

दौतटाक

आयुष्यावरचं कुठलंही वाक्य बेवारस दिसलं की ते वपुंच्या दारात नेऊन ठेवायचं, ही आपली पद्धतही नोंदवून ठेवा.

सोनचाफा_७

पावसाचा उल्लेख असेल तर नक्कीच.

आडवाटेचा

बेंजामिन फ्रँकलिनबद्दल कोणीच बोलेना. 'थोड्या सुरक्षिततेसाठी जे स्वातंत्र्य सोडतात त्यांना दोन्ही मिळायला नकोत.' टेहळणी, पोलिसी अधिकार, काहीही विषय निघाला की हे येतंच.

अर्धविराम

१७५५, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने गव्हर्नरला दिलेलं उत्तर. भांडण कराचं होतं. सीमेच्या संरक्षणासाठी पैसे हवे होते. वसाहतीचे मालक पेन कुटुंबीय यांच्या जमिनींवरही कर बसवावा असं विधिमंडळाचं म्हणणं, आणि गव्हर्नर ते अडवत होता. इथे 'स्वातंत्र्य' म्हणजे निवडून आलेल्या सभेचा कर लावण्याचा अधिकार. तोही संरक्षणाच्या खर्चासाठी! आज ज्या अर्थाने वापरतात त्याच्या जवळपास उलट.

शिवाय मूळ वाक्यात दोन विशेषणं आहेत, 'अत्यावश्यक' स्वातंत्र्य आणि 'थोडी तात्पुरती' सुरक्षितता. ती काढली की कोणताही वाहतुकीचा नियम सुद्धा गुलामी ठरवता येतो.

कुरकुऱ्या

इथे मात्र नाही पटत. संदर्भ कराचा होता म्हणून वाक्य करापुरतंच? मग 'सत्यमेव जयते' उपनिषदात (मुंडक ३.१.६) ज्या संदर्भात आहे त्यातच ठेवा, राजमुद्रेवर कशाला? माणूस एका भांडणात बोलतो आणि वाक्य भांडणापेक्षा मोठं निघतं. सुविचार म्हणतात तो यालाच. संदर्भ माहीत असावा, पण त्याला वाक्याच्या पायातली बेडी करू नका.

अर्धविराम

विशेषणं तरी ठेवाल का?

कुरकुऱ्या

ती ठेवीन.

पोथीनिष्ठ

हा तह मान्य करण्याजोगा आहे. संदर्भ टिपेत, शब्द मात्र पूर्ण.

त्यावरून लिंकन. 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य म्हणजे लोकशाही' ही लिंकनची व्याख्या म्हणून पाठ करून घेतात. गेटिसबर्गच्या भाषणात (१९ नोव्हेंबर १८६३, जेमतेम पावणेतीनशे शब्द) 'लोकशाही' हा शब्दच नाही. तिथे ती व्याख्या नसून निर्धार आहे: असे शासन पृथ्वीवरून नाहीसे होणार नाही. 'म्हणजे लोकशाही' हे शेपूट नंतर जोडलेले. 'लोकांचे' या शब्दातही एक पेच आहे. इंग्रजी 'ऑफ' या अव्ययातून 'लोकांच्या मालकीचे' आणि 'लोकांवर चालणारे' असे दोन्ही निघते. मराठी षष्ठीत मालकीच पुढे येते.

दौतटाक

आंबेडकरांच्या 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'वर यायला हवं. जुलै १९४२, नागपूरच्या इंग्रजी भाषणात क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. म्हणजे मधला शब्द मराठीत शेवटी गेला. ही तीन क्रियापदं १८८०च्या दशकात ब्रिटनमधल्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या सभासद-कार्डावरही होती. बाबासाहेबांनी त्यांना पुढे 'स्वतःवर विश्वास ठेवा' जोडलं, ते फलकांवर क्वचित असतं.

सोनचाफा_७

क्रम बदलल्याने काय बिघडतं? आधी एकत्र या, मग लढा. सरळ आहे.

दौतटाक

'ॲजिटेट'ला फक्त रस्त्यावरचा संघर्ष धरला तर सरळ आहे. पण त्याचा अर्थ मन घुसळणं, प्रश्न पेटता ठेवणं असाही होतो. शिकलेला माणूस आधी अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ माणसंच संघटना करतात. त्या अर्थाने इंग्रजी क्रम नेमका आहे. मराठी घोषणा मात्र तोंडात चांगली बसते, तीन पावलांत चढत जाते. घोषणा म्हणून मराठी ठेवा, अवतरण म्हणून द्यायचं तर १९४२चा क्रम द्या.

वेलांटी

शासनावर बाबासाहेबांचंच दुसरं सुचवते. २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभा, वादविवादांचा अकरावा खंड. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. बोलणं त्याच वेळी नोंदलं गेलेलं, खंड उपलब्ध, पुढचं-मागचं सगळं वाचता येतं. पुराव्याच्या दृष्टीने याहून भक्कम मिळणं अवघड.

पोथीनिष्ठ

यावरून वर्गवारी सुचते. नावापुढे एक अक्षर लिहावे.

'ल' स्वतः लिहिलेले (ॲक्टनचे पत्र, थोरो). 'न' बोललेले आणि त्याच वेळी नोंदलेले (संविधान सभा, चर्चिल). 'आ' नंतर आठवणींवरून उभे केलेले. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला वक्ता पॅट्रिक हेन्री याचे 'स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या' १७७५चे, आणि भाषणाचा मजकूर छापला विल्यम वर्ट यांनी १८१७च्या चरित्रात, बेचाळीस वर्षांनी. 'स' दुसऱ्याने केलेला सारांश (हॉलबाईंचा व्होल्टेअर). 'चि' चिकटवलेले. फळ्यावर 'ल' आणि 'न' डोळे मिटून चालतील. 'आ'ला 'असे म्हणतात' जोडावे. 'स' असेल तर सारांश करणाऱ्याचे नाव लिहावे. 'चि' असेल तर नाव पुसून वाक्य तेवढे ठेवावे. कुरकुऱ्या यांचीही सोय झाली.

आडवाटेचा

'सरफरोशी की तमन्ना' कशात? रामप्रसाद बिस्मिल यांनी ती म्हटली, पण रचना बिस्मिल अज़ीमाबादी यांची.

पोथीनिष्ठ

'चि', पण निष्पाप. दोघांचे तखल्लुस (कवितेतले टोपणनाव) एकच, त्यामुळे शेवटच्या शेरातली सही दोघांनाही लागू पडते. अशा वेळी 'रचना अमुक, गाजवली अमुक यांनी' असे दोन्ही लिहावे. 'इन्किलाब झिंदाबाद'चेही तसेच. घोषणा हसरत मोहानींची, घराघरांत नेली भगतसिंगांनी.

टीपकागद

मूळ प्रश्नाकडे येतो. आतापर्यंतची यादी:

स्वातंत्र्य: 'ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिलं ते अखंड जागरूकतेच्या अटीवर.' आयरिश वकील जॉन फिलपॉट करन, डब्लिन, १७९०. (न). 'अखंड जागरूकता ही स्वातंत्र्याची किंमत' असं जेफरसनच्या नावावर फिरतं त्याचा हा पूर्वज.

शासन: 'राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीचा हमखास मार्ग.' आंबेडकर, १९४९. (न). ॲक्टन राखीव.

महत्त्वाकांक्षा: 'असाध्य तें साध्य करितां सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.'

आयुष्य: अजून रिकामं. 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' टाकणार होतो.

वेलांटी

'साधी राहणी' टाकू नका. ते वर्ड्स्वर्थच्या १८०२च्या सुनीतातलं, आणि तिथे तो म्हणतोय की साधी राहणी आणि उच्च विचार आता उरलेले नाहीत. पुन्हा तेच, कापलेलं वाक्य. आयुष्यासाठी मनाचे श्लोक, अकरावा: 'जगीं सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधोनि पाहे.' प्रश्नच आहे, त्यामुळे उपदेश केल्यासारखा वाटत नाही.

करनमधली 'अट' शब्दशः बरोबर, पण 'आंबेडकर १९४९'मध्ये तुम्ही 'अधःपाताचा आणि अखेर' गाळलंत. शब्द पूर्ण ठेवायचा तह झालाय ना? ओळ वाढली तर अक्षर बारीक करा.

दौतटाक

तुकोबांची ओळ देताना तिला 'ओलें मूळ भेदी खडकाचें अंग' जोडू नका. एकत्र म्हणतात, पण ते दोन वेगळे अभंग आहेत. 'असाध्य तें साध्य'चा अभंग सुरू होतो 'साधूनी बचनाग खाती तोळा तोळा' असा. बचनाग म्हणजे जालीम विष, आणि सवयीने ते तोळा तोळा पचवणारी माणसं. पुढे हातात साप धरणारे येतात. तेव्हा इथला 'अभ्यास' म्हणजे पुस्तक उघडून बसणं नव्हे, सराव. परीक्षेच्या दिवसांत ही ओळ लिहिणाऱ्यांनी पहिली ओळ वाचलेली बरी.

कुरकुऱ्या

बचनागाची ओळच लिहा फळ्यावर. निदान थांबून वाचतील तरी.

टीपकागद

लिहीन. पण 'तें' वर अनुस्वार द्यायचा की १९६२च्या नियमाने काढायचा?

वेलांटी

द्यायचा. अवतरणात दुरुस्ती नाही.

दौतटाक

मग 'साधूनी'तला धू दीर्घ की ऱ्हस्व, त्याला गाथेच्या दोन प्रती शेजारी ठेवून बघायला लागेल. उद्या लिहितो.